पक्ष नव्हते तेव्हा

निवडणुका जवळ आल्या की आमच्या हापिसच्या कँटीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "हे सगळे पक्षच बरखास्त केले पाहिजेत यार! चांगली, शिकलेली माणसं उभी राहू देत, लोक बघून निवडतील." बोलणारा साधारण माझ्याच वयाचा, इंजिनियर, टॅक्स नियमित भरणारा. बाकीचे माना डोलावतात, चहा संपतो, सगळे आपापल्या जागेवर जातात. कल्पना ऐकायला मलाही छान वाटते. पण टेस्टिंगमध्ये दिवस काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार की हे कोणी कुठे चालवून पाहिलंय का?

तर मंडळी, पाहिलंय. एक-दोन वर्षं नाही, चांगली सत्तर वर्षं. नॉर्वेत संसद आली १८१४ साली आणि पहिला रीतसर राजकीय पक्ष आला १८८४ साली. मधल्या काळात दर तीन वर्षांनी निवडणुका झाल्या, संसद भरली, कायदे झाले, राजाशी भांडणंही झाली, आणि हे सगळं पक्षाशिवाय. गेले दोन-तीन विकांत मी याच्याच मागे होतो. त्यातलं जे डोक्यात राहिलं ते इथे मांडतोय.

सुरुवातच मोठी नाट्यमय आहे. नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला होता. १८१४ च्या जानेवारीत तह झाला आणि डेन्मार्कने नॉर्वे स्वीडनला देऊन टाकला. चारशेहून जास्त वर्षांचा संसार एका कागदावर संपला. नॉर्वेत तेव्हा डेन्मार्कचा राजपुत्र क्रिस्टियान फ्रेडरिक राज्यपाल म्हणून बसलेला होता. त्याला वाटलं, आपण वारस आहोत, सरळ मुकुट चढवून घ्यावा. तिथल्या मातब्बर मंडळींनी त्याला समजावलं की बाबा रे, तुमच्या राजाने हक्क सोडला म्हणजे सत्ता आता लोकांकडे परत आली, आधी लोकांना विचार. मग घाईघाईने निवडणूक ठरली. आता निवडणूक घ्यायची कशी? मतदारयाद्या नाहीत, आयोग नाही, काही नाही. पण प्रत्येक खेड्यापर्यंत पोचलेली एक व्यवस्था होती, ती म्हणजे चर्च. फेब्रुवारीअखेरीपासून एकेका गावात प्रार्थनेचा दिवस पाळला गेला, लोक चर्चमध्ये जमले, देशाच्या स्वातंत्र्यासाठी शपथ घेतली आणि तिथल्या तिथे निर्वाचक निवडले. या निर्वाचकांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जमून तीन-तीन प्रतिनिधी निवडले, त्यातला किमान एक शेतकरी असलाच पाहिजे अशी अट होती. शहरांचे आणि सैन्याच्या तुकड्यांचे प्रतिनिधी वेगळे. १० एप्रिलला आइड्सवोल इथे एका कारखानदाराच्या घरात ११२ जण जमले. अगदी उत्तरेकडच्या भागाचे प्रतिनिधी मात्र अंतरामुळे नव्हतेच. १७ मे ला राज्यघटना सही होऊन तयार! साधारण पाच आठवडे. आमच्याकडे एका मोड्यूलची रिक्वायरमेंट फ्रीझ व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॉर्वेला स्वीडनच्या राजाखाली जावं लागलं, पण घटना, थोडी डागडुजी करून, टिकली. आणि तिच्यातले निवडणुकीचे नियम म्हणजे आपल्या कँटीनवाल्या मित्राच्या स्वप्नातले नियम.

मतदार कोण? पंचवीस वर्षांवरचा पुरुष, जो सरकारी अधिकारी आहे, किंवा ज्याच्याकडे सरकारदरबारी नोंदलेली शेतजमीन मालकीची किंवा लांब मुदतीच्या पट्ट्याने आहे, किंवा जो शहरातला नोंदणीकृत व्यापारी-कारागीर आहे, नाहीतर ज्याची शहरात ठरावीक किमतीची मालमत्ता आहे. बायका नाहीत, नोकर नाहीत, दुसऱ्याच्या शेतावर खोपटं बांधून राहणारे मजूर नाहीत. आज हे वाचून कपाळाला आठ्या पडतील, पण पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण ४० ते ४५ टक्के या चाळणीतून पात्र ठरत होते, आणि त्या काळच्या युरोपात हा आकडा प्रचंड होता. नॉर्वेत मोठे जमीनदार कमी आणि स्वतःची जमीन कसणारे शेतकरी भरपूर, त्याचा हा परिणाम.

मतदान दोन पायऱ्यांचं. खेड्यात मुख्य चर्चमध्ये सभा, अध्यक्षस्थानी पाद्रीबुवा. सुरुवातीला अख्खी राज्यघटना मोठ्याने वाचून दाखवायची (लोक किती वेळ जागे राहत असतील देव जाणे). मग खेड्यात दर शंभर मतदारांमागे एक आणि शहरात दर पन्नासांमागे एक असा निर्वाचक निवडायचा. हे निर्वाचक जिल्ह्याच्या ठिकाणी जमून स्टोर्टिंगचे, म्हणजे संसदेचे सदस्य निवडणार. स्वतःमधूनच किंवा जिल्ह्यातल्या इतर पात्र पुरुषांमधून.

आणि खरी गंमत पुढे आहे. उमेदवार नावाचा प्रकारच नव्हता! कोणी अर्ज भरायचा नाही, कोणी उभं राहायचं नाही. निर्वाचकांना जो योग्य वाटेल त्याचं नाव त्यांनी घ्यायचं. तुम्ही घरी गवत कापत बसलेला असाल आणि निरोप यायचा की अहो, तुम्ही खासदार झालात. बरं, नाही म्हणायची सोय नव्हती. घटनेतच लिहिलेलं होतं की निवडून आलेल्याने जायचंच, अडचण असेल तर ती निर्वाचकांना पटली पाहिजे. लागोपाठ दोनदा जाऊन आलात तर तिसऱ्यांदा सुटका मागता यायची. मतं विकत घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा मताधिकारच जायचा. प्रचार करणं म्हणजे तर निव्वळ निर्लज्जपणा समजला जाई. स्वतःसाठी मत मागणारा माणूस मत देण्याच्या लायकीचा नाही, असा एकंदर हिशोब. खर्चाचाही प्रश्न मिटवलेला होता, प्रवास आणि राहण्याचे पैसे सरकारी तिजोरीतून मिळायचे.

थोडक्यात काय, तर ना पक्ष, ना पोस्टर, ना पैसा. आता सांगा, निवडून कोण आलं असेल?

अधिकारी. न्यायाधीश, पाद्री, लष्करी अधिकारी, जिल्ह्याचे कारभारी. आइड्सवोलच्या ११२ जणांत निम्म्याच्या वर सरकारी अधिकारी होते आणि शेतकरी ३७. पहिली पंधरा-सोळा वर्षं स्टोर्टिंगमध्येही अधिकाऱ्यांचंच वजन राहिलं. आणि लक्षात घ्या, मतदारांत प्रचंड बहुसंख्या शेतकऱ्यांची होती. ग्रामीण भागाला जागाही शहरांच्या दुप्पट ठेवलेल्या होत्या. कोणी बंदूक रोखली नव्हती की दारू पाजली नव्हती. शेतकऱ्यांनी स्वतःहून, चर्चमध्ये बसून, शपथ घेऊन साहेब लोकांना निवडून दिलं होतं.

असं का झालं असावं, यावर मी बराच विचार केला. लोक दबलेले होते, साहेबापुढे मान खाली घालायची सवय होती, हे तर आहेच. पण मला त्यात यंत्रणेचाही भाग दिसतो. गावातल्या चर्चमध्ये निर्वाचक निवडताना शेतकरी आपल्यातलाच माणूस निवडू शकतो, कारण तो एकमेकांना ओळखतो. पण जिल्ह्याला गेल्यावर? तिथे वेगवेगळ्या खोऱ्यांतून आलेले निर्वाचक. या खोऱ्यातल्या शहाण्या शेतकऱ्याचं नाव त्या खोऱ्यातल्याने ऐकलेलंसुद्धा नसतं. मग सगळ्यांना सामाईक माहीत असलेलं नाव कोणाचं? ज्याच्यासमोर सगळ्यांचे जमिनीचे खटले चालतात त्या न्यायाधीशाचं. जो सगळीकडे फिरतो त्या मोठ्या पाद्र्याचं. फॉर्ममधलं एखादं फील्ड रिकामं सोडलं की सिस्टीम आपली डिफॉल्ट व्हॅल्यू टाकते ना, तसं. पक्ष नाही, उमेदवार नाही, प्रचार नाही, म्हणजे मतदाराच्या हातात माहितीच नाही. आणि माहितीच्या रिकाम्या जागेत आधीपासून खुर्चीवर असलेला माणूस आपोआप जाऊन बसतो.

तुमच्या सोसायटीची निवडणूक आठवा. तिथेही पक्ष नसतात. सेक्रेटरी कोण होतं? ज्यांना वेळ आहे, ज्यांचं नाव सगळ्या विंगांना माहीत आहे आणि ज्यांच्याकडे टेरेसची किल्ली आहे, ते काका. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूकही पक्षाच्या चिन्हावर होत नाही. त्यामुळे गावातलं राजकारण संपलं की फक्त त्याचं नाव बदललं, हे ज्याचं गाव आहे त्यालाच विचारा.

असो. नॉर्वेकडे येऊ. हे डिफॉल्ट पहिल्यांदा कोणी बदललं? योन नेरगोर नावाच्या एका शेतकऱ्याने. हा गडी चर्चमध्ये सेवेकरीही होता आणि स्टोर्टिंगमध्येही जाऊन आलेला. १८३० मध्ये त्याने एक छोटं पुस्तक काढलं. त्यात दोन शेतकरी गप्पा मारतात, एक दक्षिणेकडचा, एक उत्तरेकडचा, आणि दोघांचंही नाव ओला. (ओला म्हणजे तिकडचा गणपत समजा. टॅक्सीशी संबंध नाही.) त्यामुळे पुस्तकाचं नावच पडलं 'ओलाचं पुस्तक'. सांगणं सरळ होतं. कर आपण भरतो, अधिकाऱ्यांचे पगार त्यातून निघतात, आणि ते किती असावेत हे ठरवायला आपण त्याच अधिकाऱ्यांना पाठवतो, हा काय प्रकार आहे? शेतकऱ्यांनो, शेतकरी निवडा. नेरगोर स्वतः हिंडून हे पुस्तक आणि हा विचार लोकांपर्यंत पोचवत राहिला.

परिणाम पुढच्याच निवडणुकीत दिसला. १८३३ च्या स्टोर्टिंगमध्ये ४५ शेतकरी आले, पहिल्यांदाच अधिकाऱ्यांपेक्षा जास्त. तिला 'शेतकऱ्यांची स्टोर्टिंग' असंच म्हणतात. याच वेळी निवडून आलेला उले गाब्रिएल उएलान पुढे तीसेक वर्षं शेतकऱ्यांचा मुख्य आवाज होता. या लोकांच्या रेट्यातून १८३७ साली स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि गावांचा कारभार निवडलेल्या मंडळांकडे आला. एक पुस्तक, दोन ओला, आणि एवढा फरक. पक्ष अजून नव्हता, पण पक्ष जे काम करतो त्यातलं पहिलं काम नेरगोरने करून दाखवलं. वेगवेगळ्या खोऱ्यांत बसलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना त्याने एकच गोष्ट मनात धरून मतदानाला पाठवलं.

पक्ष नसलेल्या स्टोर्टिंगने काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही, तो अन्याय होईल. घटनेत सोय होती की राजाने अडवलेला कायदा मधल्या निवडणुकांनंतर लागोपाठ तीन स्टोर्टिंगनी तसाच मंजूर केला तर राजाच्या संमतीशिवाय लागू होतो. सरदारकी आणि उमरावांचे हक्क रद्द करण्याचा कायदा त्यांनी १८१५, १८१८ आणि १८२१ असा तीनदा मंजूर करून दाखवला. राजा कार्ल योहानला कायमचा नकाराधिकार हवा होता, तो त्यांनी दिला नाही. 'नाही' म्हणायला पक्ष लागत नाही. पण 'मग तुम्हीच चालवा' असं कोणी म्हटलं तर? मंत्री राजाने नेमलेले, आणि मंत्र्यांना स्टोर्टिंगमध्ये पाऊल टाकायलाही बंदी. जाब विचारायचा तर कागदोपत्री. शंभरेक भली माणसं, प्रत्येकजण आपापल्या सदसद्विवेकाने वागणारा, समोर मात्र एकसंध सरकार. लढत कशी होणार?

इथे जरा डेन्मार्कला जाऊन येऊ, कारण तिथली तऱ्हा अगदी उलटी होती. डेन्मार्कला घटना मिळाली ५ जून १८४९ ला. तिथे निर्वाचक वगैरे भानगड नाही, थेट निवडणूक, एका मतदारसंघातून एक सदस्य. उमेदवारही असत. पण मतदान कसं? हात वर करून! मैदानात लाकडी मंच उभारायचा, उमेदवार आणि त्यांचे सूचक त्यावर चढून भाषणं करणार, लोक प्रश्न विचारणार, आरडाओरडा होणार, आणि शेवटी एकेका नावाला हात वर. हरणाऱ्याला निकाल पटला नाही तर नावनिशीवार मतदान मागता यायचं, पण तेही उघडच, कोणी कोणाला मत दिलं ते वहीत लिहून. एकच उमेदवार असला तरी हात वर करून त्याला पसंती घ्यावी लागे. ही पद्धत थेट १९०१ पर्यंत चालली. तुमचा जमीनमालक, तुमचा सावकार, तुमचा गिऱ्हाईक शेजारी सगळे बघतायत आणि तुम्ही हात वर करताय. दिसायला सुंदर लोकशाही, पण मला तिथे उभं राहायला आवडलं नसतं. म्हणूनच बहुधा डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी एकट्याने हात वर करण्यापेक्षा संघटना आधी उभी केली. १८४६ साली, म्हणजे घटनेच्याही आधी, 'शेतकरी-मित्र मंडळ' स्थापन झालं आणि १८४८ च्या घटनासभेच्या निवडणुकीपासून आपली माणसं पुढे करू लागलं.

स्वीडनबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिथे अठराव्या शतकात 'हॅट' आणि 'कॅप' असे दोन गट होते, परदेशी पैशांवर पोसलेले. १७७२ मध्ये राजाने सत्ता हातात घेऊन ते मोडून काढले. पुढे १८६६ पर्यंत सरदार, पाद्री, नागरिक आणि शेतकरी अशी चार स्वतंत्र दालनं, आणि त्यानंतर दोन सभागृहं. वरच्या सभागृहाची मुळं ज्या स्थानिक निवडणुकांत होती तिथे जितका पैसा तितकी मतं. १८७१ साली ५४ ग्रामीण वस्त्या अशा होत्या जिथे एकट्या माणसाकडे निम्म्याहून जास्त मतं होती! एकटाच मतदान करून बहुमताने जिंकणार. खालच्या सभागृहाला १८७२ मध्ये पात्र मतदारांपैकी जेमतेम १९ टक्के लोकांनी मत दिलं. १८८७ मध्ये आयात धान्यावरच्या जकातीवरून देश दोन तट पडून भांडू लागला तेव्हा हाच आकडा पन्नासच्या जवळ गेला. निवडणूक कशाबद्दल आहे हे कळलं, तेव्हा लोक घराबाहेर पडले.

परत नॉर्वे. ज्यांना मतच नव्हतं त्यांचं काय चाललं होतं? मार्कुस त्राने नावाच्या तरुण पत्रकाराने १८४८ च्या शेवटी कामगार संघटना काढायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षांत खोपटातले मजूर, कारागीर असे हजारो लोक त्यात आले. १८५० मध्ये जवळजवळ १३ हजार सह्यांचा अर्ज राजाला गेला, मागणी सार्वत्रिक मताधिकाराची. उत्तर म्हणून १८५१ मध्ये त्रानेला अटक. अनेक वर्षं तुरुंगात काढून तो शेवटी अमेरिकेला गेला. स्टोर्टिंगमधल्या शेतकऱ्यांनी त्याच्यासाठी फारसं काही केलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपण आत गेलो की दार लावून घ्यायचं, हा स्वभाव सगळीकडचा.

स्टोर्टिंगच्या आत मात्र योहान स्वेर्द्रुप नावाच्या वकिलाच्या लक्षात आलं होतं की सुटे सुटे सज्जन सरकारला हलवू शकणार नाहीत. १८५९ मध्ये त्याने उएलानला बरोबर घेऊन 'सुधारणा संघ' काढला. ठरावीक कार्यक्रम, सदस्यांनी एकत्र मत द्यायचं. केवढा गहजब झाला! प्रतिनिधीने स्वतःच्या विवेकाने मत द्यायचं की बाहेर कुठेतरी आधीच ठरवून यायचं? हा तर कट झाला! काही काळातच संघ गुंडाळावा लागला. (आपल्या राज्यघटनेतही राजकीय पक्षांचा ठळक उल्लेख आला तो १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीने, म्हणजे पक्ष सोडून पळणाऱ्यांमुळे. मजा आहे की नाही?)

मग आला सोरेन योबेक. दक्षिणेकडचा शेतकरी, १८४५ पासून स्टोर्टिंगमध्ये, सरकारी खर्चाच्या प्रत्येक प्रस्तावाला विरोध करणारा. नॉर्वेजियन भाषेत 'या' म्हणजे हो आणि 'नाय' म्हणजे नाही. लोकांनी त्याच्या आडनावाचं 'नायबेक' करून टाकलं. त्याने १८६५ पासून गावोगाव शेतकऱ्यांची मंडळं काढली आणि स्वतःचं वर्तमानपत्र चालवलं. स्वेर्द्रुपकडे स्टोर्टिंग कसं चालवायचं ते डोकं होतं, योबेककडे माणसं होती. दोघांची युती झाली आणि १८६९ मध्ये स्टोर्टिंग दर तीन वर्षांऐवजी दरवर्षी भरवायचं ठरलं. पुढची मागणी होती मंत्र्यांना स्टोर्टिंगसमोर आणण्याची. ठराव पुन्हा पुन्हा मंजूर, राजाचा पुन्हा पुन्हा नकार.

शेवटी १८८२ ची निवडणूक खऱ्या अर्थाने दोन बाजूंची झाली. आणि त्यात एक भन्नाट प्रकार घडला. नोंदलेली जमीन असेल तर मत, असा नियम होता ना? मग दलदलीचे काडीचाही उपयोग नसलेले तुकडे विकत घेऊन नावावर करायचे आणि मतदार व्हायचं! अशांना नावच पडलं 'दलदलवाले'. नियमातली फट शोधून काढणारे सगळे काही आयटीत जन्मत नाहीत. :-) विरोधकांना मोठं बहुमत मिळालं, त्यांनी मंत्र्यांवर महाभियोग भरला, १८८४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सेल्मरला पद सोडायची शिक्षा झाली आणि जूनमध्ये राजाने नाइलाजाने स्वेर्द्रुपला सरकार बनवायला बोलावलं.

याच वर्षी जानेवारीत वेन्स्ट्रे म्हणजे 'डावे' हा पक्ष रीतसर स्थापन झाला आणि ऑगस्टमध्ये समोरच्यांनी 'उजवे' काढला. त्याचा उच्चार साधारण 'होय्रे'. नायबेकच्या विरोधात होय रे, हे मी बनवलेलं नाही, इतिहासातच आहे.

स्वेर्द्रुपच्या सरकारने मताधिकार उत्पन्नाच्या आधारावर वाढवला, सगळ्या पुरुषांना तो १८९८ मध्ये आणि सगळ्या बायकांना १९१३ मध्ये मिळाला. वेन्स्ट्रे पक्ष १८८८ मध्येच फुटला, आणि पुढच्या वर्षी स्वेर्द्रुपचं सरकार पडलं. चर्चमध्ये निवडलेल्या निर्वाचकांची मधली पायरी मात्र त्यालाही पुरून उरली. ती गेली १९०६ च्या निवडणुकीत, तोवर नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन वर्ष उलटलं होतं.